मनकर्णेचं फूल

आप्पांच्या सहस्रचंद्रदर्शनाला बारा दिवस उरले होते आणि घरात अजून एकाही गोष्टीवर दोन माणसांचं एकमत झालेलं नव्हतं. ओवाळायचे दिवे एक्याऐंशी, एवढंच काय ते नक्की, कारण तो आकडा आप्पांच्या वयानेच ठरवून टाकलेला. ते दिवे कणकेचे की मातीचे, जेवण घरी की कार्यालयात, लांबच्या नातेवाइकांना नुसता फोन चालेल की पत्रिका हवी, यावर आप्पांचा मुलगा गंधार आणि त्याची बायको मनवा पुण्याहून नगरपर्यंत गाडीत वाद घालत आले होते. आता सावेडीच्या घरात, सकाळच्या चहावर, तोच वाद मागील पानावरून पुढे चालू होता. मनवा बोलता बोलता कापसाच्या वाती वळत होती आणि गंधार वळलेल्या वाती उगाच मोजत होता.

विजयाने त्यात तोंड घातलं नाही. ती खिडकीपाशी आपल्या टेबलावर पुस्तकाचं शेवटचं प्रूफ वाचत बसली होती. एवढ्या एका गोष्टीबद्दल मात्र घरात दुमत नव्हतं. आप्पांनी, म्हणजे नृसिंहसरांनी, कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवता शिकवता चाळीस वर्षं अख्खा जिल्हा पायाखाली घातला, अकोल्याच्या डोंगरांपासून पाथर्डीच्या माळापर्यंत, आणि त्यातून हे पुस्तक उभं राहिलं. दोनशे तेरा वनस्पती, दोनशे तेरा चित्रं. मजकूर आप्पांचा, चित्रं त्यांच्या मुलीची, म्हणजे विजयाची. संध्याकाळी पाचला प्रेसचा माणूस येणार, आप्पा प्रूफावर सही करणार आणि समारंभाच्या दिवशी पुस्तक त्यांच्या हातात पडणार. त्यांना ते दिसणार नव्हतं, ही गोष्ट वेगळी. दोन वर्षांपूर्वी डोळ्यांच्या पडद्यांनी दगा दिला तेव्हापासून उजेड आहे की अंधार, एवढंच काय ते त्यांना कळायचं. पण हातात धरता आलं असतं, वजन कळलं असतं.

दहाच्या सुमारास फाटक वाजलं. मच्छिंद्र आला होता. राळेगणच्या अलीकडच्या वाडीवरचा हा माणूस आप्पांना डोंगर दाखवायला पहिल्यांदा आला तेव्हा त्याला मिसरूड फुटत होतं. आता त्याच्या घरात जावई आलेत. हातात रंगाची रिकामी बादली आणि तिच्यावर ओलं गोणपाट.

"सर हायेत का ताई?"

"आहेत. पूजेला बसलेत. बादलीत काय आणलंस रे?"

"वळखा तुमीच," म्हणत त्याने गोणपाट उचललं.

मातीच्या ढेकळासकट एक वेल होती. जाडसर पानं समोरासमोर, खाली चपट्या कांद्यासारखा गड्डा, आणि वर तीन फुलं. फुलं कसली, बोटाच्या पेराएवढ्या हिरवट सुरया म्हणा. तळाशी फुगीर, वर निमुळत्या, आणि पाकळ्या जांभळ्या इतक्या की काळ्याच वाटाव्यात. विजयाने प्रूफ बाजूला सारलं. चौतीस वर्षांत ही वेल पुन्हा कुणाच्या दृष्टीला पडली नव्हती.

"मनकर्णा," ती म्हणाली.

गंधार वाती टाकून धावला. गुडघे टेकून बादलीपाशी बसला आणि बराच वेळ नुसता बघत राहिला. मग मोबाईल काढून त्याने सात-आठ फोटो काढले.

"ताई, बारा दिवसांवर समारंभ आणि आई आपली आपण आली बघ."

मनकर्णा हे त्यांच्या आईचं नाव. ती नव्वद साली गेली, पावसाळ्याच्या तोंडावर, पुरते आठ दिवसही अंथरुणाला न खिळता. त्यानंतर वर्षभर आप्पा घरात कुणाशी धड बोलले नाहीत. आणि पुढच्या वर्षीच्या श्रावणात, मच्छिंद्रच्या वाडीमागच्या डोंगरावर, त्यांना ही वेल सापडली. आजवर कुणी न नोंदवलेली, म्हणून तिला त्यांनी बायकोचं नाव दिलं आणि तेव्हाच चित्रासकट तिची नोंद प्रसिद्ध केली. मुखपृष्ठावर हीच वेल होती. समारंभाच्या पत्रिकेवरही हीच घ्यायची, असं गंधारने काल येताना ठरवून टाकलं होतं.

विजयाने भिंग घेतलं. हे तिचं सवयीचंच काम. समोर झाड आलं की आधी भिंग, मग दुटोकी कंपास, मग पेन्सिल. हरखायचं असेल तर सगळ्यात शेवटी. तिने पहिलं फूल पाहिलं. मग दुसरं. तिसऱ्याला तिने काडीने हलकेच वळवून उजेडात धरलं, आणि भिंग पुसून पुन्हा लावलं.

तिन्ही फुलांच्या पाचही पाकळ्या वर टोकाशी एकमेकींना जुळलेल्या होत्या. पिंजऱ्याच्या गजांसारख्या.

आता यात एवढं काय, असं कुणालाही वाटेल. पण या जातीच्या सगळ्याच वेलींची फुलं अशी असतात, टोकं जुळलेली. आप्पांची मनकर्णा वेगळी ठरली होती ती एवढ्याचसाठी की तिच्या पाकळ्या मोकळ्या होत्या. पान एकशे अठ्ठेचाळीस, ओळ तिसरी, विजयाला पाठ होती: पाकळ्यांची टोकं सुटी, हेच हिचं वेगळेपण. टोकं जुळलेली असतील, तर मनकर्णा नावाची वेल जगात कुठेच नाही.

"म्हातारीला दाखिवली येताना," मच्छिंद्र सांगत होता. म्हातारी म्हणजे त्याची आई, गोजरबाई. "ती हसाया लागली. म्हनली, मनकर्ना कसली आन काय, ही तर खरपुडी. आमी ल्हान हुतो तवा हिचा कांदा उकरून खायचो म्हनली, दुधावानी गोड लागतो. मधी गुराढोरांनी पार खाऊन टाकली हुती. आता आमी हिवरेबाजारचं बघून चराईबंदी केली न्हवं, तवापासनं खडकाच्या कपारीनं लई आल्यात. पन्नासेक तर आसतील."

"पन्नास?" मनवाने विचारलं.

"व्हय. जास्तीच, कमी न्हाईत."

गंधारचं लक्ष नव्हतं. तो फोटो भराभर नातेवाइकांना पाठवत होता. मनवाने मात्र विजयाच्या चेहऱ्याकडे पाहिलं, हातातली वात खाली ठेवली आणि उठून जवळ आली. या दोघींचं कधी फारसं जमलं नव्हतं. विजयाने लग्न केलं नाही आणि आप्पांजवळ राहून त्यांना आपल्या मुठीत ठेवलं, असं मनवाचं मत होतं आणि ते तिने कधी लपवलंही नव्हतं.

"काय झालं ताई?"

विजयाने भिंग तिच्या हातात दिलं. मनवाची पुण्यात रक्ततपासणीची लॅब, भिंगातून बघायची सवय तिलाही होतीच. तिने फूल पाहिलं, मग टेबलावरचं एकशे अठ्ठेचाळीसावं पान पाहिलं, मग पुन्हा फूल.

"हे चित्रातल्यासारखं नाही," ती म्हणाली.

"नाही."

"मग चित्र कशावरून काढलं होतं?"

विजयाने नवा कागद फळीला चिकटवला, वेलीची बादली डाव्या हाताला उजेडात घेतली आणि कंपासाची दोन टोकं फुलाला लावली. फुलं दुपारपर्यंत टिकली तर नशीब. फूल आधी, पान मग, खोड आणि गड्डा शेवटी. त्यांना घाई नसते. सव्वीस मिलिमीटर. तळाचा फुगवटा सहा. कागदाच्या कडेला तिने हिरव्याचे चार पुसट डाग लावून पाहिले, पाचव्यात किंचित माती मिसळली तेव्हा तो फुलाशी जुळला.

गंधारला गोष्ट कळायला दहा मिनिटं लागली. कळली तेव्हा तो आधी हसला.

"टोकं? म्हणजे ही एवढी एवढी टोकं? अगं, पुस्तक विकत घेणारा माणूस काय भिंग घेऊन बसणार आहे?"

"ज्यांच्यासाठी लिहिलंय ते बसतील," विजया मान वर न करता म्हणाली.

"मग बसू देत. दहा वर्षांनी कुणीतरी पत्र पाठवेल, तेव्हा बघू. आज संध्याकाळी पाचला माणूस येतोय, ताई. आप्पांचं वय काय, तब्येत काय. आणि तू आता नवीन चित्र काढत बसलीस?"

"झाड समोर आहे. दुसरं काय काढू?"

"हे कुणाला सांगायची गरज आहे का, एवढंच विचारतोय मी." गंधार तिच्यासमोर येऊन उभा राहिला. उजेड अडला तशी ती थांबली. "आई गेली तेव्हा मी पंधरा वर्षांचा होतो. तुला तिच्या शंभर गोष्टी आठवतात, मला चार आठवतात. तिची साडी नाही राहिली, तिचं माहेर नाही राहिलं. तिच्या नावाचं जगात काय उरलंय सांग. ही एक वेल. ती पण तू पुसून टाकणार?"

ते त्याने रागाने म्हटलं असतं तर विजयाला बरं वाटलं असतं. पण तो कळवळून बोलत होता, आणि त्याचं खरं होतं. तिने ब्रश पाण्यात नको तितका वेळ हलवला.

"गंधार, बाजूला हो, त्यांना उजेड दे," मनवा म्हणाली.

"तू यात पडू नकोस."

"का नको? माझ्या लॅबमध्ये काचेवर जे दिसतं तेच मी कागदावर लिहिते. पेशंट ओळखीचा आहे, बिचाऱ्याला वाईट वाटेल, म्हणून मी साखर कमी नाही लिहीत. तू मला तसं करायला सांगशील का?"

"हा रिपोर्ट नाहीये. हे माझ्या आईचं नाव आहे."

"म्हणून तर," मनवा म्हणाली.

मच्छिंद्र दाराशी अवघडून उभा होता. अकराच्या एसटीची वेळ झाली म्हणून तो निघाला, पण पायरीवरून परत आला.

"ताई, चुकलं का माजं? आनायला नको हुती का?"

"नाही रे. तुझं काही चुकलं नाही. गोजरबाईंना सांग, मी येईन."

तो गेला. विजयाने पुन्हा भिंगाला डोळा लावला. पाकळीच्या कडेला बारीक लव होती, ती तेव्हा तिने काढलीच नव्हती. तेव्हा तिला दिसलीच नसती. बाविसाव्या वर्षी ती पानं रंगवायची ती दुकानातून आणल्यासारखी, एकाला किडा लागलेला नाही की एकाची कड फाटलेली नाही. शोभेचं नको, पुरावा हवा, असं आप्पा ओरडायचे. मग ती मोजायला शिकली. शाळेतली चित्रकलेची नोकरी सांभाळून रोज संध्याकाळी दोन तास ती शिरा मोजायची, दाते मोजायची, पानाची मागची बाजू पुढच्यापेक्षा किती फिकी ते कागदाच्या कडेला डाग लावून लावून जुळवायची. एक पान नीट यायला तिला आठ वर्षं लागली. आणि त्याच्याही खूप नंतर, चाळिशी उलटल्यावर, एका सकाळी तिला जाणवलं की पेन्सिल उचलण्याआधी आपण आप्पांच्या टिपणाकडे बघतो आणि मग झाडाकडे. तेव्हापासून तिने क्रम बदलला. आप्पांना ते सांगितलं नाही. टिपणाशी जुळेना तेव्हा मात्र तिने चित्रच बदललं, टिपण कधी नाही.

आणि मनकर्णेच्या त्या पहिल्या वेळी तर तिने बघितलंही बरोबर होतं. डोंगरावर, खडकाला टेकून, वाऱ्यात फडफडणाऱ्या कागदावर तिने पेन्सिलीने ते फूल काढलं होतं, पाकळ्या जुळलेलं. मग आप्पांनी वेल उपटून प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली, एसटीची वाट बघण्यात आणि एसटीत मिळून चार तास गेले, आणि घरी आली तेव्हा फूल उकडल्यासारखं झालं होतं. टोकं सुटलेली.

"मोकळी आहेत बघ," आप्पा म्हणाले होते.

"डोंगरावर जुळलेली होती, आप्पा."

"डोंगरावर तू वाऱ्यात काढत होतीस. समोर आहे ते काढ." आणि त्यांनी खोडरबर तिच्या हातात दिला होता.

त्या संध्याकाळी ते हसत होते. वर्षभरात पहिल्यांदा. स्वतः चहा करून त्यांनी तिच्या टेबलावर आणून ठेवला, आईच्या फोटोकडे बघून मान हलवली, आणि गंधारला बोलावून म्हणाले, तुझ्या आईला फूल मिळालं. विजयाने पेन्सिल खोडली. कोणती मुलगी खोडणार नाही?

पूजा आटोपून आप्पा बाहेर आले ते भिंतीला हात लावत. सोवळ्याचा पंचा, अंगात बंडी, डोळे समोर कुठेतरी लावलेले. घरातल्या माणसांचा आवाज बंद झालेला त्यांना लगेच कळायचा.

"कोण आलं होतं?"

"मच्छिंद्र," मनवा म्हणाली.

"आणि गेला पण? मला न भेटता?"

गंधारने पुढे होऊन त्यांना खुर्चीत बसवलं. मग ओणवं होऊन, लहान मुलाला खाऊ दाखवावा तसा म्हणाला, "आप्पा, मनकर्णा आणलीय त्याने. जिवंत. फुलं आहेत तीन."

आप्पांचा हात हवेत वर आला. विजयाने बादली उचलून त्यांच्या गुडघ्यांशी ठेवली आणि त्यांचं बोट धरून पानावर नेलं. पान, देठ, खोडाचा पीळ, करत करत बोट फुलाच्या तळाशी आलं. तिथे ते थांबलं. टोकाला हात लावला तर मोडेल, हे त्यांना माहीत होतं.

"टोकं कशी आहेत?"

"मोकळी," गंधार म्हणाला.

तो इतक्या पटकन बोलला की मनवाने त्याच्याकडे चमकून पाहिलं. विजयाला त्याचा राग आला नाही. तो पंधरा वर्षांचा असताना झाला होता तसाच चेहरा झाला होता त्याचा.

"तुला नाही विचारलं," आप्पा म्हणाले. "विजू, तू सांग."

अजूनही वेळ होता. दोन शब्दांचं काम. गंधार खूष, आप्पा खूष, पाचला सही, आणि बारा दिवसांनी आईच्या नावाची वेल मुखपृष्ठावर.

"जुळलेली आहेत, आप्पा."

"तिन्ही?"

"तिन्ही."

आप्पांनी हात मागे घेतला आणि पंच्याला पुसला. मग ते म्हणाले, "जेवून घेऊ."

जेवताना वरणभातात तूप वाढलंय का, हेसुद्धा आप्पांनी विचारलं नाही. जेवून ते आडवे झाले, पण झोपले नव्हते. विजयाला दारातून त्यांची बोटं चादरीवर हलताना दिसत होती. ती टेबलाशी परत गेली. तीनपर्यंत तिचं फूल झालं. ते आजवरचं तिचं सगळ्यात चांगलं फूल होतं, आणि त्याचा आनंद असा तिला काही झाला नाही. एका पाकळीच्या कडेला माशीने टोचल्याचा डाग होता, तोही तिने काढला. बादलीतलं पहिलं फूल तोवर कोमेजून टोकाला सुटलं होतं, बरोबर त्या जुन्या चित्रातल्यासारखं.

चारला आप्पांनी हाक मारली. "विजू, कागद घेऊन ये. दार लाव."

दृष्टी गेल्यापासून त्यांचं लिहिणं तिच्याच हाताने व्हायचं. ते सांगत, ती लिही, मग वाचून दाखवी. ती त्यांच्या पलंगाशी खुर्ची ओढून बसली.

"चित्र नवीन घालू," आप्पा म्हणाले. आवाज वर्गात असायचा तसा. "एकशे अठ्ठेचाळीसवर खाली टीप जाईल. घे. 'या वेलीचे यापूर्वी प्रसिद्ध झालेले चित्र सदोष होते. चित्रकर्तीच्या नजरचुकीमुळे पाकळ्यांची टोके सुटी दाखवली गेली, व त्या चित्रावर विसंबून...' लिहितेस ना?"

विजयाने लिहिलं नव्हतं.

"वाच बघू कुठवर आलं."

"आप्पा, हे मी लिहिणार नाही."

"का?"

"नजरचूक माझी नव्हती. मी डोंगरावर जुळलेली काढली होती. तुम्ही खोडायला लावलंत."

बोलून झाल्यावर तिला स्वतःच्याच आवाजाची भीती वाटली. छप्पन्न वर्षांच्या आयुष्यात तिने या माणसाला असं उत्तर दिलेलं नव्हतं.

आप्पा उठून बसले. त्यांचा चेहरा लाल झाला आणि मग हळूहळू उतरला.

"चित्राखाली सही कुणाची आहे?"

"माझी."

"मग जबाबदारी कुणाची?"

"माझी. ती मी घेते. मी खोडायला नको होतं. पण चुकीचं पाहिलं नव्हतं मी, आणि तसं लिहिणार नाही. तुम्हाला लिहायचंच असेल तर मनवाला बोलावते."

बाहेर गंधार फोनवर कुणाला तरी कार्यालयाचा पत्ता सांगत होता. आप्पांनी तो आवाज थांबेपर्यंत वाट पाहिली.

"मला त्या दिवशी ते हवं होतं," ते म्हणाले. विजयाला वाटलं ते तिच्याशी बोलतच नाहीयेत. "पिशवीतून फूल काढलं, टोकं सुटलेली दिसली, आणि मी विचार केला नाही. विद्यार्थ्याने असं केलं असतं तर मी त्याला वर्गाबाहेर उभं केलं असतं. मनकर्णेला द्यायला मला काहीतरी हवं होतं." मग त्यांनी मान वळवली. "पण तुला दिसलं होतं. तू बोलली का नाहीस?"

"बोलले होते, आप्पा."

"एकदा."

"हो. एकदाच."

तेच तिला सगळ्यात जास्त लागलं. खोडरबर कुणी दिला याचा हिशेब तिने चौतीस वर्षं मनात ठेवला होता, आणि आपण दुसऱ्यांदा तोंड उघडलं नाही, हे सोयीने विसरून गेली होती. तिला रडू आलं. आप्पांना ते दिसत नव्हतं, म्हणून तिने पुसलंही नाही.

"विजू," आप्पा म्हणाले, "आणि बाकीच्यांत?"

"बाकीच्या कशात?"

"बाकीच्या दोनशे बारा चित्रांत. तुला एक दिसलं आणि मी सांगितलं म्हणून तू दुसरं काढलंस. असं किती ठिकाणी?"

विजयाला आकडा माहीत होता. तो तिने कुठे लिहून ठेवला नव्हता आणि कुणाला सांगितला नव्हता. एखाद्या बाईला आपल्या अंगावरचे डाग माहीत असतात तसा तिला तो माहीत होता. भिंतीवरच्या घड्याळात सव्वाचार झाले होते. एकही नाही, असं म्हटलं असतं तर आप्पांनी त्यावर विश्वास ठेवला असता. त्यांच्याजवळ आता तिच्याशिवाय दुसरे डोळेच नव्हते.

"अकरा," ती म्हणाली.

आप्पांनी डावा हात मांडीवर उताणा ठेवला. "सांग."

"मेडशिंगी. शेंग शिंगासारखी वाकडी काढ म्हणालात. आपण आणलेल्या फांदीवरच्या शेंगा जवळजवळ सरळ होत्या."

एक बोट मिटलं.

"तरवड. पर्णिकांच्या जोड्या तुम्ही अकरा लिहिल्यात. फांदीवर नऊच होत्या, सगळ्या पानांना."

"पुढे."

"हिवर. काटे तुम्ही लहान सांगितलेत. मी मोजले ते दुप्पट होते. वारा होता, तुम्ही दमला होतात, मी वाद घातला नाही."

"पुढे."

"धायटी. पानामागे काळे ठिपके असतात. तुमच्या चष्म्याला दिसले नाहीत आणि टिपणात आले नाहीत. मी काढले नाहीत."

आप्पांनी चौथं बोट मिटलं आणि हात वर केला. ती थांबली. "गंधारला बोलाव," ते म्हणाले.

गंधार आला, मागोमाग मनवा. बहिणीचा रडवेला चेहरा पाहून तो दारातच थबकला.

"प्रेसच्या माणसाला फोन कर," आप्पा म्हणाले. "येऊ नको म्हणावं."

"आज नको?"

"पुस्तक छापायचं नाही. अकरा चित्रं चुकीची आहेत, मनकर्णा धरून बारा. सगळी नव्याने काढायला हवीत, आणि त्या त्या झाडाचा त्या त्या ऋतूत फुलोरा आल्याशिवाय ती काढता यायची नाहीत."

"आप्पा, त्याला दोन वर्षं लागतील."

"तीन," विजया हळूच म्हणाली. तिला खोटं बोलवेना.

गंधारने तिच्याकडे पाहिलं. आई गेली त्या दिवशी, दवाखान्यातून एकटी परत आलेल्या विजयाकडे त्याने असंच पाहिलं होतं. तीन वर्षं म्हणजे काय, ते खोलीतल्या चौघांनाही कळत होतं. एक्याऐंशी आणि तीन.

"मग समारंभात काय करायचं?" त्याने विचारलं.

"ओवाळा मला. जेवा. आलेल्या माणसांना पोटभर वाढा." आप्पांचा आवाज शेवटाला थोडा फाटला. "आणि पत्रिकेवर ती वेल घालू नकोस. ती तुझ्या आईची नाही."

गंधारने खिशातून फोन काढला, पण लावला नाही; तसाच हातात धरून बाहेर गेला. मनवा दाराशी क्षणभर घुटमळली. मग आत येऊन तिने विजयाच्या खांद्यावर हात ठेवला आणि दार ओढून घेऊन तीही गेली.

आप्पांची चार बोटं अजून मिटलेलीच होती.

"पाचवं कुठलं?" त्यांनी विचारलं.